मॉलिब्डेनम डायसल्फाइड: दोन रामन शिखरांमधील अंतर २०.४ आले, तर थर एक समजावा की दोन?

मृण्मयी
नमस्कार. ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉन वेफरवर सीव्हीडी पद्धतीने (तप्त वाफांच्या रासायनिक अभिक्रियेतून) वाढवलेल्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या त्रिकोणी स्फटिकांचे रामन वर्णपट (अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या लेझरप्रकाशाची वारंवारिता किती बदलते याची नोंद) मी ५३२ नॅनोमीटरच्या लेझरने घेतले आहेत. अणूंच्या दोन वेगवेगळ्या कंपनांची शिखरे दिसतात: ई२जी शिखर ३८३.२ वर आणि ए१जी शिखर ४०३.६ वर मिळते (एकक सर्वत्र प्रति सेंटिमीटर), म्हणजे अंतर २०.४ भरते. २०१० पासूनच्या शोधनिबंधांत चिकटपट्टीने सोलून काढलेल्या एका थरासाठी हे अंतर १८ ते १९, दोन थरांसाठी सुमारे २१ ते २२ आणि जाड स्फटिकासाठी २५ च्या आसपास दिलेले आहे. माझा आकडा नेमका मधोमध पडतो. एएफएमवर (पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर) कडेची उंची ०.८ नॅनोमीटर दिसते. अहवालात हा एकच थर आहे असे लिहिणे योग्य ठरेल का?

हेरंब
आधी मोजमापाची खात्री करून घ्यावी. ग्रेटिंग (प्रकाश वेगवेगळ्या रंगांत पसरवणारी रेषांची पट्टी) ६०० रेषांची असेल तर एका पिक्सेलमध्येच एक-दोन प्रति सेंटिमीटर मावतात आणि आपला सगळा वाद तेवढ्याच फरकाचा आहे. म्हणून १८०० रेषांची ग्रेटिंग वापरून, त्याच वर्णपटातील सिलिकॉनचे शिखर ५२०.५ वर येते का ते पाहून, दोन्ही शिखरांवर लॉरेंट्झियन वक्र (शिखराचे नेमके स्थान काढण्याचा घंटेसारखा वक्र) बसवावा. १०० पट भिंगाखाली लेझरची शक्ती अर्ध्या मिलिवॅटच्या खालीच ठेवावी. नमुना तापला की दोन्ही शिखरे जवळपास सारखीच खाली सरकतात, त्यामुळे अंतर फारसे बदलत नाही आणि आपल्याला शंकाही येत नाही. जागा मात्र चुकीच्या नोंदल्या जातात.

शलाका
हेरंब यांनी सांगितलेल्या गोष्टी तपासल्यानंतरही आकडा २० च्या आसपासच राहिला, तर मला आश्चर्य वाटणार नाही. माझ्या मते अंतर या एकाच आकड्यावर थरांची संख्या ठरवणे सीव्हीडी नमुन्यांसाठी धोक्याचे आहे, कारण ती दोन शिखरे वेगवेगळ्या कारणांनी सरकतात.

ए१जी कंपनात गंधकाचे अणू थराला लंब दिशेने, एकमेकांच्या विरुद्ध हलतात. शेजारी दुसरा थर आला की या हालचालीला अडथळा होतो आणि शिखर वर सरकते. ई२जी कंपन थराच्या प्रतलातले आहे. थर वाढल्यावर तेही वर जाईल अशी अपेक्षा असते, पण ते खाली येते, आणि त्याचे कारण सामान्यतः थरांमुळे वाढणाऱ्या विद्युत आच्छादनात (अणूंमधील विद्युत बल क्षीण होण्यात) शोधले जाते.

आता ताण आणि डोपिंग (थरात जादा इलेक्ट्रॉन येणे) यांचा विचार करा. सीव्हीडीत वाढ ७००-८०० अंश सेल्सिअसला होते. थंड होताना ऑक्साइडपेक्षा मॉलिब्डेनम डायसल्फाइड अधिक आकुंचन पावू पाहते, पण पायाला चिकटून असल्यामुळे ते ताणलेलेच राहते. सर्व दिशांनी एक टक्का ताण असेल तर ई२जी सुमारे पाच प्रति सेंटिमीटरने खाली येते, ए१जी त्यापेक्षा बरेच कमी. म्हणजे पाव टक्का ताणही तुमचे अंतर १९ वरून २० वर नेऊ शकतो. डोपिंगचे उलट आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अजय सूद आणि जवाहरलाल नेहरू केंद्रातील उमेश वाघमारे यांच्या गटांनी २०१२ साली एकथरी ट्रान्झिस्टरवर दाखवून दिले की चौरस सेंटिमीटरला सुमारे १८ लाख कोटी इलेक्ट्रॉन भरले असता ए१जी चारने खाली येऊन रुंदही होते, आणि ई२जी जवळपास जागेवरच राहते. हे काम मुळातून वाचावे असेच आहे.

तेव्हा तुमचे ई२जी खाली आलेले दिसते, ए१जी मात्र एका थराला साजेसे आहे. मला हा ताणलेला एकच थर वाटतो. खात्रीसाठी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, २२-२३ च्या आसपासचे, थर एकमेकांवर घसरण्याचे कंपन: ते दोन थरांत दिसते, एका थरात असूच शकत नाही. बहुतेक उपकरणांचा फिल्टर १०० च्या खालचा भाग कापतो, म्हणून त्यासाठी अरुंद नॉच फिल्टर (फक्त लेझरचीच तरंगलांबी अडवणारा) लागेल. दोन, फोटोल्युमिनेसन्स (लेझर शोषून पदार्थ स्वतः बाहेर टाकतो तो प्रकाश): एका थरात ते १.८५ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळ ठळक असते आणि ताणामुळे थोडे खाली सरकते.

मृण्मयी
मनःपूर्वक आभार. १८०० रेषांची ग्रेटिंग आणि कमी शक्ती वापरूनही अंतर २०.१ आले. कमी वारंवारितेच्या भागात २३ जवळ काहीही नाही, आणि फोटोल्युमिनेसन्स १.८३ वर तीव्र आहे. त्यानंतर पीएमएमए या प्लास्टिकच्या साहाय्याने काही त्रिकोण नव्या वेफरवर हलवले. तेथे ई२जी ३८४.६ वर आणि ए१जी ४०३.८ वर मिळाले. हाच निकष टंगस्टन डायसेलेनाइडला लावता येईल का?

शलाका
हलवल्यावर मुख्यतः ई२जीच वर आले, म्हणजे पायाचा ताण सुटला, असा अर्थ मी घेईन. टंगस्टन डायसेलेनाइडला अंतराचा निकष लावता येत नाही, कारण तेथे ही दोन्ही शिखरे २५० जवळ एकमेकांवर बसतात. त्याऐवजी ३०८ ते ३१० दरम्यानचे लहान शिखर शोधावे. ते एका थरात दिसत नाही, दोन थरांपासून दिसू लागते.