मदत हवी आहे: गॉडझिला येतो, येते की येतं?

मंडळी, गॉडझिला या जपानी सिनेमातल्या महाकाय राक्षसावर मराठीत लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडकले आहे. समुद्रातून गॉडझिला 'वर आला' लिहू, 'वर आली' की 'वर आलं'? जपानीत ही अडचणच येत नाही, तिथे क्रियापदाला लिंग नसतं. १९५४ सालच्या इशिरो होंडांच्या मूळ चित्रपटातलं 'गोजिरा' हे नावही गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा, या दोन शब्दांच्या जोडीतून आलंय. त्यातूनही काही उलगडत नाही. 'तो' रुळला तो मुख्यतः इंग्रजीमुळे; १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीने तर थेट 'राक्षसांचा राजा' करून टाकलं.

'ती' म्हणणारे १९९८ च्या अमेरिकी चित्रपटाकडे बोट दाखवतात. तिथे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अंड्यांचा खच पडलेला असतो. पण तिथेही ही वीण जोडीदाराशिवाय झालेली आहे, आणि गॉडझिलाचे मूळ चित्रपट काढणाऱ्या जपानी तोहो कंपनीने त्या प्राण्याला पुढे 'झिला' असं वेगळं नाव दिलं. मला तो पुरावा लंगडा वाटतो. १९६७ च्या जपानी चित्रपटात मिनिला हे गॉडझिलाचं पिल्लू आलं, तेव्हाही अंडं कुणी घातलं ते दाखवलेलं नाही. आई की बाप, हा वाद तिथूनही सुटत नाही.

माझा कल 'ते' कडे आहे, पण 'ते प्रचंड जनावर' म्हटलं की दरारा उतरतो, असं माझा भाऊ म्हणतो. जपानी येणाऱ्यांनी किंवा अनुवाद करणाऱ्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय वापराल आणि का?