ईगर, अँक्शस आणि आपला आतुर

इंग्रजीतल्या ‘ईगर’ (eager) आणि ‘अँक्शस’ (anxious) या शब्दांबद्दल ‘ईगर म्हणजे उत्सुक, अँक्शसही तेच’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. ‘अँक्शस टू मीट’ म्हणजे भेटायला आतुर, हे ठीक. पण पुढे ‘अबाउट’ आलं की अर्थ लगेच ‘काळजीत असलेला’ असा होतो. नोकरीच्या पहिल्या अर्जात मी ‘अँक्शस अबाउट जॉइनिंग’ ठोकून दिलं होतं. साहेबांनी विचारलं, ‘एवढी भीती वाटते तर येता कशाला?’

आणखी एक गंमत. ईगरचं मूळ फ्रेंच ‘एग्र’मध्ये, म्हणजे तिखट, आंबट; व्हिनेगरमधला शेवटचा तुकडाही तोच. आणि आपला ‘आतुर’ तर मुळात आजारी! आयुर्वेदात आतुर म्हणजे रोगी, मरणाच्या दारात घेतात तो आतुरसंन्यास. म्हणजे ‘अँक्शस’सारखीच याच्याही पोटात आधी दुखणं, मग ओढ. आमच्या सोलापुरात घरोघरी कन्नड, तेलुगू कानावर पडतं, आणि कन्नडमध्ये आतुर म्हणजे सरळ घाई. शेजारच्या अज्जी ‘आतुर पडबेड’ म्हणायच्या, तेव्हा मला वाटायचं, उत्सुक होऊ नको म्हणतायत. त्या म्हणत होत्या, घाई करू नको, भाकरी अजून कडक व्हायचीय.