मदत हवी आहे: डॅली मेसेंजरचे १९०७ चे सामने युनियनचे की लीगचे?

नमस्कार मंडळी,

सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी ऑस्ट्रेलियाचा जुना क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर याच्यावर लेख लिहितोय. बॅटिंगचं लिहून झालं आणि गाडी भलत्याच रुळावर गेली. सिडनीत मार्केट स्ट्रीटवर ट्रंपरचं खेळसाहित्याचं दुकान होतं. तिथल्या बैठकांतून त्याने आणि सिडनीतल्या नव्या लीगचा एक प्रवर्तक जेम्स गिल्टिनन याने रग्बी युनियनचा (म्हणजे जुन्या, हौशी रग्बीचा) सगळ्यात मोठा गडी लीगकडे (नव्या, पैसे देणाऱ्या रग्बीकडे) फोडला, तो हा मेसेंजर. त्याच्या आईला राजी करायला हे लोक सिडनीच्या डबल बे भागातल्या घरी गेले, असं सांगतात. (आपल्याकडेही आधी आईलाच गाठतात.)

मुळात भांडण पैशाचं. अ‍ॅलेक बर्डन हा रग्बीपटू खेळताना जायबंदी झाला, रोजगार बुडाला, युनियनने भरपाई दिली नाही. गेटवर मात्र हजारोंची गर्दी.

आता अडलंय ते असं. ऑगस्ट १९०७ मध्ये सिडनीत न्यूझीलंडच्या 'ऑल गोल्ड्स' या पैसे घेऊन खेळणाऱ्या, इंग्लंड दौऱ्यावर निघालेल्या संघाशी तीन सामने झाले. मेसेंजर न्यू साउथ वेल्सकडून खेळला. त्याला काही ठिकाणी लीगची सुरुवात म्हणतात, तर काही ठिकाणी ते युनियनचेच सामने म्हणून सांगतात. खरं काय? आणि हा सिडनीचा पोरगा पुढे इंग्लंडात न्यूझीलंडकडून कसा खेळला? सिडनीकर मराठी मंडळींना काही ठाऊक असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

दोन्ही बरोबर. बंड लीगचं, नियम युनियनचे! इंग्लंडच्या नॉर्दर्न युनियनचं (नावात युनियन असलं तरी लीगचे नियम हिचेच) नियमपुस्तक तेव्हा सिडनीत कोणाकडेच नव्हतं, म्हणून पंधरा-पंधरा गडी घेऊन जुन्याच नियमांनी खेळले. नवीन होतं ते खेळाडूंना पैसे मिळणं. खरे नवे नियम, म्हणजे तेरा गडी वगैरे, 'ऑल गोल्ड्स' संघ इंग्लंडात लीड्सला पोचल्यावर शिकला. तिकडे लाइनआउट (बॉल बाहेर गेल्यावर दोन रांगांच्या मधे आत फेकणं) कधीच बंद झालं होतं.

न्यूझीलंडचं कोडं सोपं आहे. न्यूझीलंडचा रग्बीपटू आल्बर्ट बास्करव्हिल याने जमवलेला तो खासगी दौरा होता, त्यात पाहुणा म्हणून मेसेंजरला घेतलं. दौऱ्यात सर्वाधिक गुण त्याचेच. १९०८ मध्येच तो ऑस्ट्रेलियाकडूनही खेळला.

जुनी वर्तमानपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर फुकट वाचता येतात. ऑगस्ट १९०७ लावून शोधा.

मूळ धागालेखक:

वा, आभार! एक शेवटचं. वाचकांसाठी गुणांची चौकट टाकायची आहे. ट्राय (बॉल गोलरेषेपलीकडे टेकवणं) दोन्हीकडे तीनचाच ना? आणि मेसेंजरच्या किकांचं काय?

प्रतिसाद:

ट्राय तीनच. फरक किकमध्ये आहे: युनियनमध्ये ड्रॉप गोल (बॉल जमिनीवर टाकून उसळताच किक मारून केलेला गोल) चार गुणांचा, नॉर्दर्न युनियनमध्ये कुठलाही गोल दोनचाच. म्हणजे सिडनीच्या त्या तीन सामन्यांना युनियनची चौकट लावा, इंग्लंडच्या दौऱ्याला दुसरी. एकच चौकट दोन्हीकडे चालवू नका, बेरीज जुळणार नाही. आणि जमलं तर हेही टाका: मेसेंजरचे युनियनमधले विक्रम पुसले गेले होते, ते २००७ मध्ये परत नोंदवले.