शब्दचर्चा : 'व्यवसायोपचार' यातला व्यवसाय कोणता?

विचारणा
आईला अर्धांगाचा झटका आला होता. आता ती काठी धरून चालते, पण उजवा हात अजून साथ देत नाही. दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर 'ओटी' लिहून दिलं होतं. आम्हाला ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर एवढंच ठाऊक, त्यामुळे आई फार घाबरली. तिथे गेलो तर दारावर पाटी होती, 'व्यवसायोपचार विभाग'. ती वाचून आई म्हणाली, "या वयात मी आणखी कसला व्यवसाय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. ऑक्युपेशनल थेरपीला हा शब्द योग्य आहे का? दुसरा काही सुचतो का?

उत्तर
फोड सोपी आहे : व्यवसाय अधिक उपचार. घोळ पहिल्या पदाच्या अर्थात आहे. संस्कृतात 'व्यवसाय' म्हणजे निश्चय, प्रयत्न, उद्यम. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली 'व्यवसायात्मिका बुद्धी' ही निश्चयी बुद्धी आहे, धंद्याची नव्हे. मराठीत हा अर्थ आकसत पोटापाण्यापुरता उरला. इंग्रजीतल्या 'ऑक्युपेशन'लाही दोन अर्थ आहेत : नोकरीधंदा, आणि माणूस ज्यात गुंतलेला असतो ते काहीही. उपचाराच्या नावात हा दुसरा अर्थ धरायचा.

दुसरं मत
मग 'उद्योगोपचार' का नको? "काय उद्योग चाललाय?" असं आपण घरात विचारतो तेव्हा कारखान्याबद्दल विचारत नसतो. माणूस कशात गुंतलाय, हेच विचारतो.

उत्तर
बोलण्यात हे अगदी पटतं. पण पाटीवर 'उद्योग' दिसला की एमआयडीसी आठवते. शिवाय 'व्यवसायोपचार' आता पदव्यांत आणि सरकारी कागदांत रुळला आहे. मला वाटतं शब्द तोच ठेवावा, मात्र पाटीखाली 'रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून' अशी एक ओळ लिहावी.

या कामातल्या एकीचं उत्तर
मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या आईंचा प्रश्न मला जवळजवळ रोज ऐकू येतो. भारतात या विषयाची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली, ती कमला निंबकर यांच्या प्रयत्नाने. म्हणजे हे शिक्षण आपल्याच गावात रुजलं, पण त्याचं नाव अजून लोकांना परकं वाटतं, याचं मला वाईट वाटतं.

आम्ही काय करतो? समजा, एखाद्या बाईला भाकरी थापायची आहे. तोल सांभाळून बसणं किंवा उभं राहणं, पीठ मळायला लागणारा जोर, दोन्ही हातांचा मेळ, तव्याची धग जाणवणं, आधी काय आणि मग काय याचं भान, अशा तुकड्यांत आम्ही ते काम पाहतो. नेमकं कुठे अडतंय ते शोधतो. मग तिथे सराव, तो जमत नसेल तर सोय : चमच्याची मूठ जाड करणं, न्हाणीघरात धरायला दांडी, गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या पट्टीतून हाताच्या मापाची खपाटी. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, एवढं कळलं तरी पुष्कळांची निम्मी झटापट वाचते.

शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र हे सगळं शिकावंच लागतं. पण मी नव्या मुलींना आधी बघायला आणि थांबायला शिकवते. पेशंटची गुंडी आपण पटकन लावून देऊ नये. त्याची बोटं चाचपडत असताना गप्प बसणं मला स्वतःला जमायला कित्येक महिने लागले. घरच्यांना तेच समजावणं त्याहून कठीण जातं, कारण त्यांच्या घाईमागे माया असते.

पहिल्या भेटीत आम्ही विचारतो, "तुम्हाला काय करता यायला हवंय?" तुमच्या आईंना हे विचारून पाहा. जे सांगतील, तो त्यांचा व्यवसाय.

विचारणाऱ्याकडून
विचारलं. मला वाटलं होतं, जेवण किंवा अंघोळ म्हणेल. ती म्हणाली, "समईच्या वाती वळायच्या आहेत." काल तिथे गेलो तेव्हा मॅडमनी कापूस मागवला. चिमटीत धरायला आधी जाड पेळू दिला. फाइलवर 'वाती वळणे' असं मराठीत लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं.