आल्प्समधली तळी आणि खेडी, स्वतःच्या हाताने गाडी चालवत: घाट निवडायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरअखेरीस मी, नवरा, लेक आणि सासूबाई असे चौघं झुरिकला उतरून भाड्याच्या गाडीने फिरणार आहोत. विमानाची तिकिटं, शेंगेन व्हिसा, आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना सगळं झालंय. घोडं अडलंय मार्गावर.

सध्याची आखणी अशी: ब्रिएन्झ सरोवराकाठी मुक्काम. तिथून ग्रिम्सेल आणि फुर्का हे दोन घाट ओलांडून आंडरमाट, पुढे ओबरआल्प घाटाने कूर, मग युलिअर घाटातून एंगाडिन खोऱ्यातली सिल्वाप्लाना आणि सिल्सची तळी. मालोया उतरलं की सोल्यो हे दगडी छपरांचं खेडं, आणि शेवट कोमो सरोवरावर. गाडी मिलानला सोडून परत.

आता खरी अडचण. सासूबाईंना गाडी लागते, आणि त्यांच्या चिरंजीवांना वळणांचं वेड! नकाशात त्याने गुपचूप इटलीतला स्टेल्वियो घाट घुसडलाय. प्रातोच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणं, उंची २७५७ मीटर. मी ठाम नाही म्हटलंय, पण ग्रिम्सेल-फुर्कासुद्धा काही सरळ रस्ता नाही हे व्हिडिओ बघून कळलं. फुर्काच्या एका व्हिडिओत समोरून पिवळी बस आली आणि गाडीवाला आरसा मिटून कड्याला चिकटून उभा राहिला. ते बघून माझ्याच पोटात गोळा आला. उजव्या बाजूने चालवायची सवयही नाही आम्हाला.

तर, तळी आणि खेडी न गमावता वळणं कमी कशी करता येतील? सप्टेंबरअखेरीस बर्फाने घाट बंद होतात का? आणि मिलानला गाडी सोडण्याचे भाडे कंपनी जे पैसे सांगतेय ते ऐकून चक्कर आली, त्यावर काही उपाय?

प्रतिसाद १

ग्रिम्सेल-फुर्काऐवजी सुस्टेन घाट घ्या. ब्रिएन्झकडून इनर्टकिर्खेन, तिथून सुस्टेन, खाली वासेन आणि वर आंडरमाट. उंची २२२४ मीटर, म्हणजे कमी नाही, पण हा रस्ता मुळात मोटारींसाठीच आखलेला, त्यामुळे चढ बेताचा आणि वळणं ऐसपैस. वर हिमनदीच्या पायथ्याशी स्टाइनझे नावाचं तळं दिसतं, तिथे थांबाच.

ओबरआल्पला तर सासूबाईंना गाडीत बसवूच नका. आंडरमाटहून डिझेन्टिसला आगगाडी त्याच घाटावरून, वरच्या तळ्याच्या काठाने जाते. त्या आणि नात खिडकीशी, तुम्ही दोघं गाडीने, पलीकडे भेटा.

अरुंद घाटरस्त्यावर समोरासमोर आलात तर चढणाऱ्याला आधी वाट, आणि जागाच नसेल तर सहसा उतरणाऱ्याने मागे घ्यायचं. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की तो डाकबसचा, म्हणजे त्या पिवळ्या बसचा, रस्ता. आंधळ्या वळणाआधी बस तीन सुरांचा भोंगा वाजवते. ऐकू आला की रुंद जागा बघून थांबा आणि चालक हाताने सांगेल तसं करा. उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा, सतत ब्रेकवर पाय नको. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच तशी मागा, नाहीतर हातात मॅन्युअल पडते.

बर्फाचं म्हणाल तर त्या दिवसांत घाट सहसा उघडे असतात, पण एका रात्रीच्या बर्फाने दिवसभर बंदही होतात. पायथ्याच्या फलकावर घाट उघडा की बंद ते लिहिलेलं असतं. युलिअर मात्र बारमाही, त्यामुळे एंगाडिनची काळजी नको. युलिअरच्या वाटेवर मार्मोरेराचं तळं लागेल. ते धरणाचं आहे, जुनं गाव १९५४ साली त्यात बुडालं.

प्रतिसाद २

दुसऱ्या देशात गाडी सोडलीत की भुर्दंड बसणारच. वर्तुळ करा. कोमोकाठच्या मेनाज्योहून लुगानो जवळ आहे, तिथून बेलिन्झोना आणि गॉथार्ड घाट करून झुरिक. घाट बंद असला तरी १७ किलोमीटरचा बोगदा आहेच, आणि महामार्गाचं ४० फ्रँकचं विन्येट (महामार्ग वापरायचा पास) असलं की त्याला वेगळा टोल नाही. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या गाडीवर ते बहुधा असतंच, किल्ली घेताना विचारून घ्या. परतीचं विमान मात्र झुरिकहून हवं.

कोमोचा पश्चिम किनारा फार चिंचोळा आहे. मेनाज्योत गाडी लावून बोटीने बेलाज्यो आणि वारेन्ना बघा. सोल्योत गावात गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका, कडेला लावून पायी फिरा. इटलीतल्या जुन्या गावांत 'झेड टी एल' (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेला भाग) ची पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा फोटो काढतो आणि दंड बऱ्याच दिवसांनी घरी येतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! परतीचं तिकीट झुरिकचंच आहे, म्हणजे वर्तुळ जमतंय. आगगाडीची कल्पना सासूबाईंना इतकी आवडली की त्या आता गाडीत बसायलाच तयार नाहीत. स्टेल्वियो रद्द, नवरा रुसलाय.

एकच राहिलं. ब्रिएन्झहून म्युरेन किंवा वेंगेन यांपैकी एकच गाव जमेल. दोन्हीकडे गाडी जात नाही ना? खाली दरीतल्या लाउटरब्रुनेनला गाडी लावून वर जायचं तर सासूबाईंना चालायला कमी कुठे पडेल?