रजिस्टर मृत्युपत्र म्हणजे काय ब्रह्मवाक्य?

बांधकरी: परवा एकाने ठोकून दिलं, 'मृत्युपत्र रजिस्टर करा, मग कोर्टात कोणी काही वाकडं करू शकत नाही, साध्या कागदावरचं म्हणजे रद्दी.' अहो, मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाहीच! माणूस शुद्धीत असेल, दोन साक्षीदारांसमोर सही असेल तर वहीच्या पानावरचं नंतरचं मृत्युपत्र आधीच्या रजिस्टरवाल्याला उडवतं.

तलाठी_नको: पण सिद्ध कोण करणार? साक्षीदार कोण, तर ज्याला जमीन मिळाली त्याचा मेहुणा. सुप्रीम कोर्टाच्या 1959 च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून ठरलेलं आहे, संशयाला जागा असेल तर ती मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच दूर करायची. रजिस्टरला निदान माणूस सब-रजिस्ट्रारपुढे बसलेला असतो.

बांधकरी: बसलेला की बसवलेला? आमच्या आजोबांना चुलत्याने दवाखान्यातून उचलून नेलं, अंगठा घेतला आणि परत आणून झोपवलं. बरे झाल्यावर त्यांनी स्वतः वहीत दुसरं लिहिलं.

माहेरवाशीण: दोन्ही ठेवा बाजूला. वडिलोपार्जित जमीन अख्खी लिहून द्यायला ती एकट्या आजोबांची होती का? मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचं करता येतं. मुलीला 2005 च्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीपासून जन्मतः हिस्सा आहे आणि तेव्हा वडील हयात नसले तरी आहे, हे 2020 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. मला भाऊ म्हणाला फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलायला, सही लागते, कागद निघाला हक्कसोडपत्राचा.

सातबारावाला: ताई, लग्नाला खर्च झाला तो कुठून आला?

माहेरवाशीण: आलं का लग्न! भावाचं काय फुकटात लागलं? ट्रॅक्टर कोणाच्या पैशाने?

सातबारावाला: वडलांचं हगणंमुतणं आम्ही काढलं, बहिणी दिवाळीच्या पाहुण्या. आणि सातबाऱ्यावर नाव आमचं आहे.

माहेरवाशीण: काढलं कोणी, तुम्ही की तुमच्या बायकोने? तिचं नाव आहे का सातबाऱ्यावर?

तलाठी_नको: सातबाऱ्यावर नाव म्हणजे मालकी नव्हे, ती महसुलापुरती नोंद. आणि सांभाळल्याने हिस्सा वाढत नाही, वाढवायचा तर त्यालाच मृत्युपत्र लागतं, आपण त्यावरच बोलत होतो वाटतं.

सातबारावाला: मग जमीन वकिलांच्याच नावावर करा ना!

बांधकरी: तारखा बघता झालीच आहे. बरं, साक्षीदाराचा मुद्दा मान्य, खूश? आमचे दोन्ही साक्षीदार वारले.

तलाठी_नको: मग एका साक्षीदाराची आणि आजोबांची सही ओळखणारा उभा करा, चालतं. गावच्या सोसायटीचा जुना सेक्रेटरी असेल तर बघा, त्याला सह्या ओळखीच्या असतील.

माहेरवाशीण: आणि दाव्यात आत्यांना पक्षकार करायला विसरू नका म्हणजे झालं.