निवृत्तीनंतर गाडी बदलणं आणि प्रवास: महिन्याला किती बाजूला काढावेत?

प्रश्न (रत्नागिरी): पेट्रोल हॅचबॅक, ९ वर्षं जुनी. अजून ६ वर्षं वापरून बदलायची आहे. पेन्शनमधून दरमहा किती ठेवावेत? मुंबईच्या फेऱ्या वेगळ्या.

उत्तर १: आजची ८ लाखांची गाडी ६ टक्के भाववाढीने तेव्हा ११.३५ लाखांच्या आसपास जाईल. जुनीचे ५० हजार वजा करा. ६ टक्के व्याजाच्या आरडीत (दरमहा ठरावीक रक्कम भरायची बँकेची ठेव) दरमहा साधारण १२,६०० लागतील.

उत्तर २: ते ५० हजारही पत्रा शाबूत असेल तरच! दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की पाणी आत साचतं, त्यात खारा वारा; पत्रा आतून कुजतो. रंगाला फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मिरगाआधी प्लास्टिकच्या काडीने मोकळी करा. तार नको, रंग खरवडतो. १५ वर्षांनंतरही तीच ठेवलीत तर आरसीचं (गाडीच्या नोंदणीचं) नूतनीकरण आणि ग्रीन टॅक्स (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) धरा.

उत्तर ३: प्रवासाचे पैसे या आरडीत मिसळू नका. एसटीत ६५ पासून निम्मं तिकीट, ७५ नंतर फुकट. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद, म्हणून पूर्ण भाडं धरा. गणपतीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं; ते हुकलं की खासगी बसचं भाडं बजेट खातं.